ओट्यावरचं पान

श्रावणातल्या मंगळवारी माझी बायको गेली. तिला ताप होता. शहापूरहून तिला ठाण्याला नेत होतो. पडघ्याच्या पुढे तिने पाणी मागितलं. मी फिरकीचा तांब्या उघडून वळलो तेव्हा ती गेली होती. ड्रायव्हरला मी जीप फिरवायला सांगितली. मुलगी घरी माझ्या आईजवळ होती. ती दीड वर्षाची होती.

आम्ही परत आलो तेव्हा आई ओट्यावर बसून मुलीला दूधभात भरवत होती. जीप अंगणात थांबली तरी तिने वर पाहिलं नाही. "सकाळपासून तोंड उघडत नाय," ती म्हणाली. मग तिने जीपकडे पाहिलं.

त्या दिवसातलं मला फार आठवत नाही. माणसं आली, लाकडं आली, पाऊस थांबावा म्हणून सगळे वाट बघत होते. हे एक वाक्य मात्र आईच्या आवाजासकट राहिलं आहे. नंतरचे महिने आमच्या घरात दुसरं काही बोललं गेलं नाही, म्हणूनही असेल.

तेव्हा नव्वद साल उलटून थोडाच काळ झाला होता. आमचं घर शहापूरवरून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात आहे. मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून होतो. वाचायची सवय होती. मुलगी झाली तेव्हा कॉलनीच्या वाचनालयातून बालसंगोपनाचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात एका ताटाचं चित्र होतं आणि ताटात कुठे काय असावं ते लिहिलं होतं. बायकोने ते चित्र पाहिलं आणि विचारलं, "एवढं सगळं खाऊन पोर झोपणार कधी?"

मुलीने काय खावं यावरून घरात आधीपासूनच दोन बाजू होत्या. माझी आई भिवंडीकडची. तिच्या माहेरी म्हशी होत्या. तिच्या मते लहान मुलाचं जेवण पांढरं असतं: दूध, मऊ भात, तूप, थोडी साखर, पुढे दुधात कुस्करलेली पोळी. दूध पिणाऱ्या पोराला मासळी दिली की अंगावर डाग पडतात, असं ती सांगे. कुणाकुणाला पडले त्यांची नावंही सांगे.

माझी सासू मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली. सासूला आमच्यात मामी म्हणतात. मामीच्या घरी दूध फारसं कुणी पीत नसे. "दूध वासराचं. त्याचं त्याला ठेवावं," असं तिचं म्हणणं. मूल मोठं होतं ते नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पेजेवर, वालाच्या पाण्यावर, भाजून चुरलेल्या सुकटीवर. आणि पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे. ते पाट्यावर ठेचायचे, गाळायचे आणि त्या पाण्याला कढ आणायचा. ते पाणी पोराच्या हाडात जातं, असं ती म्हणे. बारशाला ती येताना नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आली होती. आईने ती हसून घेतली आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

शहापूरचे डॉक्टर म्हणाले होते, मुलीला चौरस आहार द्या. डाळ, भाजी, अंडं, फळ, सगळं थोडं थोडं. मी घरी येऊन दोघींना ते सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टरला काय, त्यानं कुठं पोरं वाढवली. मामी त्या दिवशी आलेली होती. ती म्हणाली, "मंग चौकोनी ताटली आणा, म्हंजे झालं." त्या दिवशी दोघी मिळून हसल्या. दोघी एका बाजूला झाल्याचं मला तेवढंच आठवतं.

भरवायचं काम बायकोचं होतं. ती भाताचा घास करायची, त्याच्या पोटात सुकट भरायची आणि वरून तूप लावायची. आई बघत असली की तूप दिसे. मामी आली की बायको तिला हळूच सांगे, आत काय आहे ते. मी एकदा म्हटलं, हे किती दिवस चालणार? ती म्हणाली, "दोघींचं ऐकायचं. भरवायचं आपण." मुलगी खायची. तेव्हा ती काय खाते याकडे माझं लक्ष असायचं कारण नव्हतं.

सुतकात घरात फोडणी दिली जात नाही. आमच्याकडे हळदही घालत नाहीत. पहिले काही दिवस भावकीतून जेवण आलं, मग चूल पेटली. भात आणि पांढरं वरण, रोज तेच. घरात शिजल्याचा वास यायचा, पण जेवणाचा यायचा नाही. पहिलं वाढप गेलेल्या माणसाचं असतं. पळसाच्या पानावर थोडा भात, त्यावर वरण, बाजूला द्रोणात पाणी. हे पान आई ओट्याच्या कडेला ठेवायची आणि आत यायची. कावळा येवो, कोंबडी येवो, कुणी हाकलायचं नसतं.

मुलगी खात नव्हती. अंगावरचं दूध एकदम तुटलं होतं. साखरपाणी दिलं की दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. मामी सुतकाचे दिवस आमच्याकडेच राहिली होती. सकाळी आई वाटी घेऊन बसायची, दूधभाताची. दुपारी मामी बसायची, पेजेची. सुतकात नागली चालते का, यावर वाद झाला आणि चालते असं ठरलं. मुलगी दोघींच्या मांडीवर सारखीच बसायची आणि दोघींच्या हातापासून सारखीच तोंड फिरवायची. मी खांबाला टेकून बघायचो. मला वाटायचं आपण काहीतरी करायला हवं. काय, ते सुचायचं नाही आणि सुचावं असंही वाटायचं नाही.

डॉक्टरांनी तिला काट्यात ठेवून बघितलं. वजन उतरलं होतं. असंच राहिलं तर दाखल करून सलाईन लावावं लागेल, ते म्हणाले.

घरी आल्यावर मामी माझ्यासमोर येऊन बसली. एरवी जावयाशी ती दारामागून बोलायची. ती म्हणाली, "पोर इथं नाय जगायची, जावय. माझ्याकडं द्या."

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं. "आईवेगळी देवानं केली," ती म्हणाली, "आता बापावेगळी तुमी करा, इहीणबाय."

मामी उठली आणि पेजेची वाटी घेऊन मुलीकडे गेली.  तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वाटीला तो अर्थ आला. आईच्या वाटीतलं खाल्लं तर मुलगी इथली. मामीच्या वाटीतलं खाल्लं तर मुलगी तिकडची. हे उघड कुणी म्हटलं नाही, पण वाटी आत नेताना दोघीही एकमेकींच्या वाटीत डोकावून बघायच्या.

मग एका दुपारी आईने पान ठेवलं आणि ती आत आली. मुलगी ओट्यावर होती. थोड्या वेळाने मी बाहेर गेलो तर ती पानाशी बसली होती. दोन्ही हातांनी भात खात होती. तोंडाला, केसांना वरण लागलं होतं. कावळा कुंपणावर बसून होता.

मी तसाच उभा राहिलो. मागून आई आली आणि तिने मुलीला उचलायला हात पुढे केले. मामीने तिचा हात धरला.

"नका," मामी म्हणाली. "आयचंच तं हाय. खाऊं द्या."

"मेलेल्याचं पान जित्यानं खायचं नसतं."

"खाते गो. बघा तरी, खाते."

मुलीने पान संपवलं. द्रोणातलं पाणी सांडलं. आई आत गेली आणि देवापाशी बसली. मामीने मुलीचं तोंड धुतलं.

त्यानंतर ती रोज खायची, पण तिथेच. ताटलीत वाढलं की बघायचीही नाही. भावकीतल्या ज्या म्हाताऱ्या काकांच्या सांगण्यावरून सगळे विधी चालले होते त्यांना आईने विचारलं. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, कावळ्यानं खाल्लं काय आणि पोरीनं खाल्लं काय, पोचल्याशी मतलब. आईचं त्याने समाधान झालं नाही, पण सुतक संपेपर्यंत तिने मुलीला अडवलं नाही.

उत्तरकार्य झालं. गोड झालं, फोडणीचा वास पुन्हा घरात आला. पान ठेवायचं बंद झालं. मामी शेतीच्या कामांसाठी गावाला परत गेली. जाताना तिने मुलीचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मुलगी ओट्याच्या कडेला जाऊन बसली.

मी पळसाचं पान तोडून आणलं. भात घातला. आई दारात उभी राहून बघत होती. "तू शिकलेला ना," ती म्हणाली. "तिचं पान खाते, तिच्याकडं जाईल. एवढं तुला कळत नाय?" मी पान ठेवलं. मुलगी खायला लागली.

असे काही आठवडे गेले. ऑफिसला जाण्याआधी मी पान ठेवायचो, संध्याकाळी आल्यावर ठेवायचो. दुपारचं ठेवणार नाही, असं आई म्हणायची. दुपारी मुलगी उपाशी राही, की आई कुणी बघत नसताना ठेवत होती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या पानावर काय असावं, यावरून मग पुन्हा सुरू झालं. आता मी वाचनालयातून ते पुस्तक पुन्हा आणलं होतं. मी डाळीत पालक शिजवून घातला. उकडलेलं अंडं कुस्करून घातलं. मुलीने ते एकेक करून पानाबाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि पांढरा भात तेवढा खाल्ला. आई म्हणाली, दूध घाल. दूध पानावरून वाहून गेलं. मामी एका बाजाराच्या दिवशी आली, पदराखाली सुकटीची पुडी घेऊन. तिने बायकोसारखाच घास केला, सुकट आत, भात बाहेर. मुलीने घास फोडला, आतलं पाहिलं आणि हात झटकले. मामी बराच वेळ त्या घासाकडे बघत बसली.

तिला सुतकातलंच जेवण हवं होतं. भात आणि वरण, हळदीशिवाय, फोडणीशिवाय. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही मते ते पुरं जेवण नव्हतं. त्या एका गोष्टीवर आमचं एकमत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

गणपती आले आणि गेले. आमच्याकडे त्या वर्षी बसवला नाही. मुलीचे केस तांबूस दिसायला लागले. ती चालायची कमी झाली, बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, नुसत्या भातावर नाही भागायचं. त्यांनी एक पावडर दिली. तीही पानावर तशीच राहिली.

पितृपक्षात आईने पान उचललं. मी ठेवलेलं, मुलगी त्याच्याशी बसलेली असताना. तिने ते गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकलं आणि आल्यावर मला म्हणाली, "ह्या पंधरवड्यात नाय. मी जिती असेपर्यंत नाय."  मुलगी रडली नाही. ती मोकळ्या जागेकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने काही खाल्लं नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मी रजा टाकली, मुलीची दोन झबली पिशवीत घातली आणि किन्हवलीमार्गे जाणारी मुरबाडची एसटी पकडली. आईला सांगितलं, मामीकडे दाखवून आणतो. दाखवून आणतो म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. तिने दूधभाताचा डबा दिला.

मुरबाडला गाडी बदलली. उतरल्यावर पायवाटेने तासभर चाललो. मुलगी खांद्यावर होती. तिचं वजन लागत नव्हतं. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता. सिद्धगड ढगात होता. वाटेत एका बाईने विचारलं, कुणाकडचे हो? मी मामीच्या घराचं सांगितलं. ती "आं" म्हणाली आणि बाजूला झाली. सगळ्यांना माहीत होतं.

मामीच्या घरी जेवणाची वेळ होती. तिच्या मुलाची पोरं, सगळी लहान, जमिनीवर एका परातीभोवती बसली होती. परातीत नागलीची भाकरी कुस्करून तिच्यावर खेकड्याचं पाणी ओतलेलं होतं. पोरं भांडत खात होती. एक दुसऱ्याला म्हणत होता, तू माझ्या बाजूचं खातो. मामीने आम्हाला पाहिलं. तिने मुलीला माझ्याकडून घेतलं आणि खाली सोडलं. डब्याकडे तिने पाहिलंही नाही आणि मीही तो उघडला नाही.

मुलगी उभी राहिली. मग परातीपाशी गेली. एका पोराने तिला कोपराने ढकललं. ती पडली, उठली आणि त्याच जागी बसली. तिने परातीत हात घातला. पोराने हातावर चापट मारली. तिने हात काढला, पुन्हा घातला आणि तोंडात नेला.

ती खात होती. मी दारात उभा होतो. मामी चुलीकडे तोंड करून बसली होती, तिची पाठ मला दिसत होती. परातीतलं संपलं तेव्हा मुलीने बोटं चाटली आणि बाकीच्या पोरांबरोबर अंगणात गेली. मला आनंद व्हायला हवा होता. मी बसलो, तेवढंच केलं.

मामीने मला जेवायला वाढलं. मी जेवत असताना ती बोलली.

"बघितलंत ना. आता तुमी सांगा, जावय. मी सांगायची नाय. उद्या तुमची आय म्हणंल, इहीणीनं पोर ठेवून घेतली."

अंगणातून पोरांचा आवाज येत होता. त्यात तिचा होता की नाही, कळत नव्हतं.

"राहू दे इथं," मी म्हटलं.

"किती दीस?"

"खाते तोवर."

मामीने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी निघालो तेव्हा मुलगी कोंबड्यांच्या मागे होती. मी तिला हाक मारली नाही.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. माझ्या एकट्याकडे बघून तिने विचारलं, "खाल्लं?"

"खाल्लं."

"काय?"

मी सांगितलं.  ती म्हणाली, "अंगावर डाग पडतील." माझ्या हातातला डबा तिने घेतला, मागच्या दारी रिकामा केला आणि घासायला बसली.

डाग पडले नाहीत. मुलगी भरली, काळी झाली, केस पुन्हा काळे झाले. आधी मी दर आठवड्याला रजेसाठी खटपट करायचो, मग रविवार ठरला. ती का खायला लागली याची प्रत्येकाकडे कारणं होती. मामी म्हणायची, खेकड्याचं पाणी. डॉक्टर म्हणाले, पोरांच्या घोळक्यात पोरं खातात. आई म्हणाली, तिथं तिच्या आईचं माहेर आहे, आई तिथंच गेली असेल. मला कुठलंच खोटं वाटलं नाही. मी विचार करायचो, आता तिला परत आणावं का. मग तिला परातीशी बसलेली बघायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो.

आई दर रविवारी माझ्याबरोबर तुपाची बरणी द्यायची. मामी बरणी घेऊन म्हणायची, "तूप झ्याक हाय तुमच्या आयचं. दिव्याला लय येळ जळतं." हे मी आईला कधी सांगितलं नाही. पण एका दिवाळीला मुलगी आमच्याकडे आली, पाच-सहा वर्षांची असेल, आणि आजीने तूपभात वाढल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं, "ह्ये खायाचं का लावायचं?" आई आत गेली. नंतर पदर तोंडाला लावून ती हसत होती, की काय करत होती, मला दिसलं नाही.

मामी आणि आई त्यानंतरही भांडल्या. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा डब्यात काय द्यावं यावरून, मोठी झाली तेव्हा पाळीच्या दिवसांत काय खावं यावरून. त्या भांडणांत मी नसायचो. आईचा निरोप मी मामीला सांगायचो आणि मामीचा आईला, दोघींचा थोडा मऊ करून. नातेवाइकांनी मी दुसरं लग्न करावं म्हणून काही वर्षं प्रयत्न केले. मी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. ते थांबले.

पुढच्या दशकात, मुलगी मुरबाडच्या हायस्कुलात असताना, आई गेली. मामी दिवसांना आली होती. तिने सुतकातला स्वयंपाक केला, आईचं पान वाढलं आणि ओट्यावर ठेवलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिला काही आठवत नाही, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. मामीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. आम्ही तिला सांगितलं नाही.

एकदाच तिने विचारलं होतं. आम्ही मुरबाडच्या एसटी स्टँडवर होतो. तिच्या गेलेल्या आईला काय आवडायचं खायला, असं तिने विचारलं. मी आठवायला बसलो. बायकोने मुलीला काय काय भरवलं ते मला सगळं आठवलं. ती स्वतः कधी जेवायला बसायची, तिच्या ताटात काय असायचं, ते आठवेना. मी म्हटलं, मामीला विचार. गाडी लागली आणि ती चढली.

मला ती शहापूरचे बाबा म्हणते. मामीला, तिच्या आजीला, आई म्हणते. तिच्या ताटात आता सगळं असतं, डॉक्टर म्हणायचे तसं, आणि ती ते न बोलता संपवते.

ती मुरबाडला कॉलेजात जाते. मामीचं वय झालं आहे, तिला कमी दिसतं. मी इकडच्या घरात एकटा राहतो. रविवारी मी तिकडे जातो, त्यांच्यात बसून जेवतो आणि परत येतो.